आधी बांधा, मग भरवसा ठेवा

मोटारसायकलचा विषय निघाला की आपल्या घरांत दोनच गोष्टींवर बोलणे होते. एक गाडीचा हप्ता आणि दुसरा कुणाच्या तरी पोराचा अपघात. एका गाडीवर तिघे बसून, सायलेन्सरचा आवाज वाढवून गल्लीतून जाणारी पोरे पाहिली की आईबापांच्या ओठांवर आपोआप दुआ येते. म्हणून या अंकात आम्ही मोटारसायकलच्या ज्या खेळाविषयी आणि त्यासाठी केलेल्या प्रवासाविषयी लिहीत आहोत, त्यात वेगाला काहीच किंमत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

या खेळाचे नाव ट्रायल्स. खडक, ओढा, चिखल, झाडांची मुळे अशा अवघड जागी दोन्ही बाजूंना पट्ट्या बांधून एक छोटी वाट आखतात. तिला सेक्शन म्हणतात. स्वाराने ती वाट जमिनीला पाय न लावता पार करायची. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडला किंवा पट्टीबाहेर गेला तर पाच. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. वाटेत शिरण्याआधी स्वार ती पायी फिरून पाहतो. कुठला दगड हलतो, चाक कुठे ठेवायचे, तोल कुठे जाईल, हे सगळे आधी मनात ठरवतो. गाडी बहुतेक वेळ माणसाच्या चालण्याइतक्याच वेगाने पुढे सरकते.

गाडीही वेगळी. वजन सुमारे 70 किलो, म्हणजे आपल्या नेहमीच्या शंभर सीसीच्या गाडीपेक्षा चाळीसेक किलोने हलकी. बसायला सीट नाही, सगळा वेळ पायदानावर उभे राहायचे. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल मावते. दिवा नाही, आरसा नाही, नंबर प्लेट नाही. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होते.

खेळाचे मूळ ब्रिटनमधले. स्कॉटलंडच्या डोंगरांत सहा दिवस चालणारी स्पर्धा शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडच्या लोकांना ऐकून नवल वाटेल, पण आपल्या ओळखीच्या बुलेटचे नातेही या खेळाशी आहे. मागच्या चाकाला वर-खाली झोका देणारी नवी रचना घेऊन बुलेटचे नमुने 1948 मध्ये तिथल्या कोल्मोर कप ट्रायलमध्येच उतरले होते. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने रॉयल एनफिल्डवर 1952 आणि 1957 अशी दोनदा स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली. त्याची आठवण म्हणून 2019 मध्ये कंपनीने भारतात बुलेट ट्रायल्स नावाची गाडी विकायला काढली होती. जागतिक अजिंक्यपद 1975 पासून सुरू आहे आणि 2007 पासून स्पेनच्या टोनी बोऊने ते दुसऱ्या कुणाला मिळू दिलेले नाही.

आमच्या घरात हा खेळ आणला आमच्या भाच्याने. वय 19, आयटीआय झालेला, दिवसभर गॅरेजमध्ये काम. नातलगांत त्याच्याविषयी एकच वाक्य ठरलेले, "आपाचा पोरगा हुशार होता, पण हात काळे करण्यात गेला." बेळगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे वापरलेली परदेशी ट्रायल्स गाडी पडून होती. पोराची आवड पाहून ती काही महिने शिकायला देतो, असे ते म्हणाले. गाडीची किंमत आमच्या ऐपतीबाहेरची. त्यामुळे ती आमच्याकडे येणार होती ती अमानत म्हणून.

आपाचा जीव घाबरा झाला. मागच्याच वर्षी आमच्या मोहल्ल्यातून एक जनाजा गेला होता. रस्त्यावर गाडी घसरून गेलेला तो मुलगा भाच्याच्या वर्गातला. भाचा तिला म्हणाला, "अम्मी, इस खेल में जो भागता है, वो हारता है." बराच वेळ बोलणे झाल्यावर तिने तीन अटी घातल्या. गाडी रस्त्यावर एक फूटही चालवायची नाही. हेल्मेट, उंच बूट आणि गुडघ्याचे कवच घातल्याशिवाय उभे राहायचे नाही. आणि अमानत जशी आणली तशीच परत गेली पाहिजे. पहिली अट तर कायद्याचीच आहे. ज्या गाडीची नोंदणी नाही ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे ती गाडी जिथे जाईल तिथे दुसऱ्या वाहनातूनच जाणार. खेळ शिकण्याआधी आम्हाला गाडी बांधायला शिकावे लागले, ते असे.

बेळगाव ते कोल्हापूर अंतर सुमारे 110 किलोमीटर. संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कागल असा सगळा हमरस्ता. आम्ही मार्केट यार्डात गूळ वाहणाऱ्या एका चाचांचा छोटा हत्ती ठरवला. चाचांचे वय साठीच्या पुढे. आयुष्यभर गुळाचे रवे लादून त्यांनी हाच रस्ता केलेला. रवा सरकला तर कोपरा फुटतो आणि फुटलेल्या रव्याला भाव मिळत नाही, त्यामुळे माल बांधण्याचे त्यांचे शास्त्र पक्के होते. बेळगावला गाडीमालकांनी पट्टे दिले. चाचांनी आपला दोर काढलाच नाही, आधी पट्टे हातात घेऊन नीट पाहिले.

चढवणे सोपे वाटते, तिथेच लोक पाय मोडून घेतात. रुंद फळी लावायची, ती मागे सरकू नये म्हणून वरच्या टोकाला बांधायची. इंजिन बंद. एकाने हँडल धरायचे, दुसऱ्याने मागून ढकलायचे. गाडी फळीवर आणि माणूस जमिनीवर, अशी एक वेळ येते. तिथे पाय ठेवायला बाजूला दुसरी पायरी हवी. चाचांनी गुळाचा रिकामा खोका उलटा ठेवला आणि काम झाले.

पुढचे चाक टेम्पोच्या पुढच्या फळीला टेकवून सरळ ठेवले. दोन पट्टे पुढून, हँडलच्या खालच्या जाड भागाला, दोन्हीकडे तिरके खाली ओढले. लोखंडी आकडा थेट गाडीला लावला तर रंग आणि नळ्या घासतात, म्हणून मध्ये कापडी फास. पट्टा ताणताना पुढचे शॉकअप थोडे दाबले गेले पाहिजे, म्हणजे खड्ड्यात गाडी उसळली तरी पट्टा सैल पडत नाही. पण पूर्ण दाबून ठेवले तर त्याचे ऑइल सील जातात. नवशिके हमखास जास्त ताणतात. मालकांनी त्यासाठी मध्ये ठेवायला लाकडाचा ठोकळा दिला, त्याच्यापलीकडे दाब जातच नाही. मागून आणखी दोन पट्टे, मागचे चाक आडवे उडू नये म्हणून. साइड स्टँड वर, गाडी गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक बंद. पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून बांधली. वाऱ्याने फडफडून पट्टा स्वतःच सैल होतो, हे चाचांनी सांगितले. मालकांचे सहीचे पत्र आणि खरेदीच्या पावतीची प्रत खिशात घेतली. बिननंबरची गाडी टेम्पोत पाहून कुणीही विचारणारच, आणि विचारलेच पाहिजे.

आमच्यापैकी एकजण म्हणाला, "आता अल्लाहच्या हवाली." चाचा हसले. "मामू, उंटाची गोष्ट विसरला काय?" ती गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. वर्गात आम्ही ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. पण पट्टा हातात धरून ती ऐकली तेव्हा तिचे वजन वेगळे लागले.

दहा-बारा किलोमीटरवर चाचांनी टेम्पो बाजूला घेतला. चारही पट्टे पुन्हा तपासले. एक बोटभर सैल झाला होता. घरून निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून पाहणे हा त्यांचा नेम, गूळ असो की गाडी. तवंदी घाटाच्या आधी पुन्हा एकदा थांबलो. घाटात पोराची मान सतत मागच्या काचेकडे. निपाणीत जोहरची नमाज पढलो, चहा घेतला. कोगनोळीच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडून कागल आले, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती. त्या रांगेमागून हळूहळू येण्यात पाऊण तास गेला आणि कुणीच तक्रार केली नाही.

शाहू नाक्यावरून शहरात शिरलो ते थेट शिवाजी उद्यमनगरात. कोल्हापूर म्हटले की बाहेरच्यांना अंबाबाई, तांबडा रस्सा आणि चप्पल आठवते. पण या शहराचा एक मोठा भाग लेथ, भट्टी आणि ग्राइंडरच्या आवाजात राहतो. शेतीची ऑइल इंजिने, त्यांचे सुटे भाग, ओतकाम, यांवर इथल्या कित्येक पिढ्या जगल्या. हाताने यंत्र समजून घेण्याची इथली सवय जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी 1918 च्या सुमारास स्वतःचा चित्रपट-कॅमेरा याच शहरात घडवला आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या काळात परदेशातून यंत्र मागवण्यापेक्षा ते उघडून समजून घेणे इथल्या माणसाला जवळचे वाटले. मोटारींच्या खेळातही कोल्हापूर मागे नाही. शहराजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. ट्रायल्स मात्र इथे अजून नवखाच.

उद्यमनगरातले एक वयस्कर मिस्त्री भाच्याचे उस्ताद. त्यांनी ट्रायल्सची गाडी आधी कधी पाहिली नव्हती. खाली बसून त्यांनी ती सगळीकडून न्याहाळली आणि म्हणाले, "सर, इंजिन टू-स्ट्रोक हाय. आरएक्स हंड्रेडची सात-आठशे इंजिनं उघडली असतील म्या. ही पण आपलीच भाषा बोलणार." त्यांनी जे शिकवले ते आम्ही पोराच्या वहीत लिहून घेतले. नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी थोडक्यात देतो.

टू-स्ट्रोक गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. प्रमाण कंपनीच्या पुस्तकात असते तेच, अंदाजाने बुधले ओतायचे नाही. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. मिश्रण लागेल तेवढेच करायचे, महिनोनमहिने डब्यात ठेवायचे नाही.

एअर फिल्टर स्पंजाचा असतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, फिल्टरचे तेल लावून पिळायचा आणि मग बसवायचा. पेट्रोलने धुतला तर चिकटवलेले जोड सुटतात आणि आग लागायची भीती वेगळीच. खाणीतली धूळ इंजिनात गेली तर ती पॉलिश कागदासारखे काम करते.

चाकाच्या तारा पान्याने एकेक वाजवायच्या. ताणलेली तार टणक वाजते, सैल तार बद्द बोलते. मिस्त्री डोळे मिटून वाजवत होते. छत्तीस तारांतल्या दोन सैल त्यांनी आवाजावरून काढल्या.

टायरमधली हवा हा सर्वांत मोठा धक्का होता. रस्त्याच्या गाडीत आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. इथे मागच्या चाकात फक्त चार-पाच पौंड, पुढच्यात सहाच्या आसपास. तेवढ्या कमी हवेत टायर दगडाला हातासारखा धरतो. पेट्रोल पंपावरचे मीटर इतके खाली नीट दाखवतच नाही, त्यासाठी वेगळे छोटे मीटर घ्यावे लागले.

धुताना पाण्याचा जोराचा झोत चाकाच्या बेअरिंगवर मारायचा नाही आणि सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावायचे. ओढ्यात गाडी आडवी होऊन इंजिनात पाणी गेले तर किक मारायची नाही. आधी प्लग काढायचा आणि पाणी बाहेर येऊ द्यायचे. हे सांगताना मिस्त्रींना 2019 चा महापूर आठवला. पाणी ओसरल्यावर गॅरेजसमोर बुडालेल्या गाड्यांची रांग होती. ज्यांनी घाईने किक मारली त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी गाडी ढकलत आणली त्यांची गाडी तेल बदलून चालू झाली.

आता सरावाची जागा. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार पोरांना खुणावते, पण पावसाळ्यानंतर त्या जांभ्यावर जी इवलीशी फुले येतात ती चाकाखाली घालण्याचा हक्क कुणाला नाही. आम्ही टोपच्या बाजूची एक बंद पडलेली कोरडी दगडखाण पाहिली आणि मालकांची लेखी परवानगी घेतली. शिरोलीचा पंचगंगेचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात तिथे पोहोचतो. दर रविवारी फज्रनंतर चाचांचा टेम्पो, फळी, चार पट्टे, अकराच्या आत परत. रमजानमध्ये सराव बंद ठेवला, पण तरावीहनंतर अंगणात बल्बखाली पोरगा साखळी पुसताना दिसायचा. पहिले तीन रविवार तो एकही सेक्शन पाय न टेकता पार करू शकला नाही. गाडीवर उभे राहून जागच्या जागी तोल धरायला त्याला दीड महिना लागला.

ईदनंतर गाडीमालक सराव बघायला बेळगावहून आले. पोराचे सात-आठ मित्रही जमले. खाणीच्या तळाशी चुन्याने वाट आखलेली, मोबाइल बाहेर निघालेले. गाडी उतरवल्यावर भाचा नेहमीप्रमाणे पुढून मागे हात फिरवत गेला. पुढच्या ब्रेकची मूठ दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग खाली वाकून नळीच्या जोडावरून बोट फिरवले. बोटाला तेल लागले. थेंबही नव्हता, फक्त ओल.

"आज नहीं चलेगी," तो म्हणाला.

मित्रांनी आरडाओरड केली. एकच फेरी मार, मागचा ब्रेक आहे की, ते एवढ्या लांबून आलेत. पोराचा चेहरा पडलेला, पण तो काही बोलला नाही. फळी लावली, गाडी वर घेतली आणि एकेक पट्टा बांधू लागला. गाडीमालकांनी स्वतः बोट लावून जोड पाहिला. टेम्पोला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बेटा, गाडी मे महिन्यात परत न्यायची होती. दिवाळीपर्यंत राहू दे तुझ्याकडे."

ज्या वयात "नाही" म्हणणे सर्वांत अवघड असते, त्या वयात तो मित्रांसमोर ते म्हणाला. मोहल्ल्यात ज्या मुलाचा जनाजा गेला, त्याच्या गाडीचेही पुढचे टायर गुळगुळीत झालेले होते, हे त्याच्या घरचेच सांगतात. गाडी तपासायची सवय कुणी त्याला लावलीच नव्हती. ती सवय लावण्यासाठी परदेशी गाडी लागत नाही. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीवरही ती लावता येते. रविवारी सकाळी दहा मिनिटे हवा, ब्रेक, साखळी, नटबोल्ट. बाप, चाचा, मामू, कुणीतरी शेजारी बसावे. मुलींनाही बसवावे, स्कूटर त्याही चालवतात.

आणि हात काळे होण्याविषयी थोडे. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग ज्या संस्थेचे, ती शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू करून दिली. आपल्या पोरांना शिकता यावे म्हणून. शिक्षणाची ओढ त्या इमारतीने आपल्याला दिली आणि ती राहिलीच पाहिजे. पण नीट शिकलेला हातही शिक्षितच असतो. 2024 मध्ये केरळच्या हॅरिथ नोआहने सौदी अरबमधली डकार रॅली रॅली-2 गटात जिंकली, असे करणारा तो पहिला भारतीय. त्याच्या गाडीवर शेर्को हे नाव होते, आणि शेर्को ही फ्रेंच कंपनी सुरुवातीला ट्रायल्सच्या गाड्यांसाठीच ओळखली गेली. अलउलापासून यन्बूपर्यंतच्या त्या वाळवंटात रोज रात्री कुणीतरी खाली बसून तारा वाजवत आणि फिल्टर धूत असणार. ते हात नसते तर सकाळी कोणतीच गाडी निघाली नसती.

नळी बदलली आहे. पुढच्या रविवारी टेम्पो ठरलेला आहे. भाच्याच्या वहीत आता बेचाळीस ओळींची यादी आहे आणि तिची पहिली ओळ त्याने उर्दूत लिहिली आहे, "पहले बाँधना."